गडावर साबुदाण्याची खिचडी

सातारा

चि. भाचीबाईंस,



तुला नोकरी लागल्याचं ताईने फोनवर सांगितलं होतं. पण तुमची कंपनी मोगल-मराठा लढाईतल्या एका किल्ल्यावर व्हिडिओ गेम करते आहे आणि त्यात ‘इतिहासाचं बघायला’ तुला बसवलंय, हे तुझ्या पत्रातूनच कळलं. आनंद झाला. तू विचारतेस, गेम किती खरा ठेवावा? मला वाटतं त्याआधी दुसरंच विचारायला हवं. खेळणाऱ्याला काय खरं वाटतं, आणि का वाटतं? माझा जन्म इतिहास शिकवण्यात गेला आणि रात्री, तुझ्या मामीच्या भाषेत, ‘त्या डबड्यापुढे’ गेल्या. तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार सांगायचा मला अधिकार आहे असं समज.

पॅरिसपासून सुरू करू. २०१४ साली यूबीसॉफ्टचा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ आला. काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा. त्यातलं नोत्र दाम हे चर्च उभं करायला एका कलाकर्तीने महिनोन्‌महिने घालवले होते. दगडन् दगड जागच्या जागी वाटावा इतके. गेमचा नायक त्याच्या मधल्या निमुळत्या मनोऱ्यावर चढून सगळं शहर न्याहाळतो. आता गंमत बघ. तो मनोरा व्हिओले-ल-द्यूक या वास्तुकाराचा, १८५९ सालचा. आधीचा मध्ययुगीन मनोरा खिळखिळा झाला म्हणून क्रांतीच्याच सुमारास उतरवला गेला होता. म्हणजे आपला नायक साठ-सत्तर वर्षांनी बांधल्या जाणाऱ्या वास्तूवर लोंबकळतो. करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, त्यांच्याकडे इतिहासकार होते. पण मनोरा नसलेलं नोत्र दाम दाखवलं असतं तर खेळणारे म्हणाले असते, ‘हे काय भलतंच? चर्च चुकलंय.’

पुढे एप्रिल २०१९ मध्ये खरोखरच आग लागली आणि तो मनोरा कोसळला. यूबीसॉफ्टने पाच लाख युरो देणगी दिली, गेम आठवडाभर फुकट वाटला. आणि जगभर बातमी पसरली की आता या गेमवरूनच चर्च पुन्हा बांधणार. वस्तुस्थिती अशी की अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने आधीच लेझरने त्या वास्तूची मोजणी करून ठेवली होती. अभ्यासकांच्या हाती अचूक काही होतं तर ते. गेममधलं चर्च चढायला सोयीचं व्हावं म्हणून हवं तिथे बदललेलं होतं. तरी लोकांचा विश्वास गेमवर बसला, कारण त्या चर्चवर ते स्वतः चढले होते. मोजणीच्या आकड्यांवर कोण चढतो?

यातून मी एवढंच शिकलो की खेळणारा तुझा गेम भूतकाळाशी ताडून बघत नाही. भूतकाळ कुणीच पाहिलेला नाही. त्याच्या डोक्यात आधीपासून एक चित्र असतं, सिनेमातून, शाळेच्या पुस्तकातून, आधीच्या गेममधून जमलेलं, आणि तो त्याच्याशी ताडतो. जुळलं की म्हणतो अस्सल, नाही जुळलं की म्हणतो खोटं.

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ तू खेळलीस असशील. १२७४ साली मंगोलांनी जपानच्या त्सुशिमा बेटावर स्वारी केली, ती कथा. त्यात सामुराई तळ्याकाठी बसून हायकू रचतो. हायकू हा प्रकार आकाराला आला तो सतराव्या शतकात, म्हणजे चारएकशे वर्षांनी. चिलखतंही नंतरच्या काळातली. आणि गेममध्ये चित्र कृष्णधवल करायची एक सोय आहे, तिला नाव दिलंय कुरोसावाचं. इथेच सगळं उघड होतं. त्या गेमचा सामुराई तेराव्या शतकातला नाही, अकिरा कुरोसावाच्या सिनेमातला आहे. गेम केला अमेरिकन कंपनीने, तरी जपानच्या ‘फामित्सू’ मासिकाने त्याला चाळीसपैकी चाळीस गुण दिले, आणि करणाऱ्यांपैकी दोघांना त्सुशिमाने आपले पर्यटनदूत नेमलं. जपानी माणसाच्या डोक्यातला सामुराईसुद्धा सिनेमातूनच आलेला आहे ना!

हसू नकोस. आपलं वेगळं नाही. वा. सी. बेंद्रे यांनी शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र शोधून पुढे आणलं, त्याआधी इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं आणि लोक त्यालाच श्रद्धेने नमस्कार करत होते. नंतर भालजी पेंढारकरांचे चित्रपट आले, कॅलेंडरं आली, ‘जाणता राजा’ हे महानाट्य आलं. तुझ्या गेमचा मराठी खेळणारा ही सगळी चित्रं घेऊनच बसणार आहे.

म्हणून तुला एक परीक्षा घालतो. समज, तुमच्या गडावर एकादशी आहे आणि कुणी चित्रकार पोराने सदरेवर साबुदाण्याच्या खिचडीची पानं मांडली. प्रत्येक मराठी खेळणारा म्हणेल, वा, काय बारकावा! आणि त्या पानातलं जवळजवळ सगळं चुकीचं असेल. शेंगदाणा, बटाटा, मिरची अमेरिका खंडातून आलेली. ज्या कंदापासून आजचा साबुदाणा करतात तो टॅपिओकाही तिथलाच. मिरची त्या काळात इकडे रुळू लागली असेल, हे मान्य. पण आज आपण उपासाला खातो ती खिचडी गेल्या शंभरएक वर्षांतली. याउलट त्या काळच्या कागदपत्रांत असतं तसं फारसी शब्दांनी भरलेलं मराठी हवालदाराच्या तोंडी घालून बघ. ‘हे उर्दू कशाला घुसडलंत?’ म्हणून तक्रारी येतील. खोटं ते घरचं वाटेल, खरं ते परकं. ग्रीक पुतळ्यांचंही असंच आहे. ते मुळात रंगवलेले असत, हे अभ्यासकांना कधीचं माहीत आहे. पण असा पुतळा पडद्यावर आला की बघणाऱ्याला तो भडक वाटतो, संगमरवराचा पांढरा तेवढा अभिजात.

मग काय, खिचडीच ठेवायची? मी म्हणेन, नको. पण ‘चूक’ म्हणून काढलीस तर तिथे रिकामं ताट दिसेल. त्या जागी जे येईल ते खेळणाऱ्याच्या हाताला लागलं पाहिजे. वरईचे तांदूळ कुठल्या कोठारातून आले, किती उरले, वेढा लांबला तर कुणाला आधी कमी वाढायचे, हे त्याला ठरवायला लागलं की तो खिचडी विसरेल.

हाताला लागणं म्हणजे काय, ते चेक लोकांकडून शिकावं. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओचा ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’, २०१८. त्यांनी २०१४ साली लोकांकडेच पैसे मागितले, जादू नाही, राक्षस नाहीत, १४०३ सालचा बोहेमिया जसा होता तसा दाखवू या वायद्यावर, आणि अकरा लाख पौंडांहून जास्त जमले. नायक लोहाराचा पोरगा. त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की पडद्यावर अक्षरांचा नुसता काला दिसतो. लेखनिकाकडे जाऊन शिकल्यावर शब्द हळूहळू जागेवर येतात. मी आयुष्यभर वर्गात साक्षरतेचा इतिहास सांगितला, पण लिहिता-वाचता न येणं म्हणजे काय, हे मुलांना मी कधी असं दाखवू शकलो नाही. शिरस्त्राण घातलं की नजरेचा पट्टा आखूड होतो. धनुष्याला नेम धरायची खूण नाही. हे सगळं लोकांनी डोक्यावर घेतलं.

एक मात्र घेतलं नाही. पाहिजे तेव्हा गेम सेव्ह करायचा तर एक खास दारू प्यावी लागे, आणि ती महाग. हेतू असा की जीव धोक्यात घालताना माणसाने दहादा विचार करावा. लोकांनी काय केलं? अमर्याद सेव्ह करता येईल असं मॉड, म्हणजे खेळणाऱ्यानेच केलेला फेरफार, झटपट निघालं आणि धडाधड उतरवलं गेलं. कंपनीलाही लवकरच बाहेर पडताना सेव्ह व्हायची सोय द्यावी लागली. अस्सलपणासाठी पैसे मोजलेले हे लोक. त्यांना चौदाशे तीन सालची गैरसोय हवी होती, पण उद्या सकाळी आठला ऑफिस असलेल्या माणसाला झेपेल एवढीच. यात मला त्यांचा ढोंगीपणा दिसत नाही. तुमच्या खेळणाऱ्यालाही ऑफिस असणार.

आता जरा खोलात शिरतो, कारण माझं मुख्य दुखणं इथे आहे. लोक बटणं, टोप्या, तलवारीची मूठ यावरून भांडतात. गेमच्या नियमांवरून कुणी भांडत नाही. आणि सगळ्यात मोठी असत्यं नियमांत लपलेली असतात.

‘एम्पायर: टोटल वॉर’ हा २००९ सालचा गेम घे. त्यात मराठे म्हणून खेळता येतं, म्हणून आपल्याकडची पोरं त्याच्यावर जीव टाकतात. मोहीम सुरू होते १७०० सालापासून. पडद्यावर वरून सगळा मुलूख दिसतो, खजिन्यात किती आहे तो आकडा दिसतो, फौजेवर बोट ठेवलं की ती निघते. आणि त्या साली इथे, माझ्या खिडकीतून जो अजिंक्यतारा दिसतो तिथे काय चाललं होतं? आधीच्या डिसेंबरपासून औरंगजेब स्वतः वेढा घालून बसला होता. किल्लेदार प्रयागजी प्रभू भांडत होता. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले, त्यातल्या एकाचा स्फोट उलटला आणि त्यांचीच माणसं ढिगाऱ्याखाली गेली. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. एप्रिलमध्ये सातारा पडला, बादशहाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढे ताराबाईंनी सूत्रं घेतली. पण सूत्रं म्हणजे तरी काय? सरदार आपापल्या वतनासाठी ओढाताण करताहेत, आज इकडे, उद्या तिकडे. सगळा मुलूख वरून बघणारा आणि एका बोटाने फौज हलवणारा माणूस त्या काळात कुणी नव्हताच. बादशहाकडेही ती सोय नव्हती. पण या गेमला खोटा म्हणणारा माझ्या ऐकण्यात आलेला प्रत्येक जण झेंड्याबद्दल किंवा हत्तींबद्दल बोलतो.

नियमांवर बोट ठेवणारा एक माणूस मला माहीत आहे, आणि तो गेमवाला नाही. २०१८ साली ‘सिव्हिलायझेशन ६’ या गेममध्ये कॅनडातल्या क्री लोकांना स्थान मिळालं, त्यांचा नेता पाउंडमेकर त्यात आला. भाषा, संगीत, पोशाख यांवर मेहनत घेतलेली होती. तरी पाउंडमेकर क्री नेशनचे हेडमन मिल्टन टूटूसिस यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आमच्या लोकांना दुसऱ्यांचा मुलूख जिंकत सुटलेले दाखवणं हे आमच्या जगण्याच्या रीतीशीच विसंगत आहे. कापडाचा रंग बरोबर असून उपयोग काय, जर जिंकायचा मार्गच उपऱ्याचा असेल? हे वाक्य माझं आहे, त्यांच्या माथी मारू नकोस. पण तुमच्या गेममध्ये ‘जिंकणं’ म्हणजे काय ठरवलंय, ते साहेबांना पहिल्याच बैठकीत विचार. गड राखणं, की माणसं जिवंत खाली उतरवणं? प्रयागजीच्या जागी बसलेल्याला हा प्रश्न पडलाच पाहिजे.

आता रागाबद्दल, कारण तो तुझ्या वाट्याला येणारच.

‘बॅटलफील्ड १’ हा २०१६ सालचा गेम पहिल्या महायुद्धावर आहे. खरे शिपाई दर गोळीनंतर हाताने खटका ओढायच्या रायफली घेऊन चिखलात महिने काढत होते. गेममध्ये जो तो स्वयंचलित बंदूक घेऊन पळतोय. त्यावर फारशी बोंब झाली नाही. दोन वर्षांनी ‘बॅटलफील्ड ५’च्या ट्रेलरमध्ये कृत्रिम हात लावलेली एक बाई लढताना दिसली, आणि इतिहास बुडाला म्हणून केवढा गहजब! पश्चिम आघाडीवर तशी बाई जवळपास अशक्यच होती, तेव्हा तक्रार अगदीच पोकळ नव्हती. पण सोव्हिएत फौजेत ल्युदमिला पाव्हलिचेंको नावाची बाई ३०९ शत्रू टिपून गेली, हे त्या आरडाओरड्यात किती जणांना आठवलं? बंदूक खोटी चालते कारण ती खेळायला मजा आणते. बाई खटकते कारण ‘तिथे मी असतो’ या स्वप्नात ती आडवी येते.

जपानचंही तसंच. ओदा नोबुनागाच्या पदरी १५८१-८२ मध्ये यासुके नावाचा आफ्रिकी माणूस होता, याला समकालीन पुरावे आहेत. २०१७ च्या ‘नियो’ गेममध्ये तो शत्रू म्हणून आला, कुणी चकार शब्द काढला नाही. २०२५ च्या ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’मध्ये तो नायक झाला, आणि वर्षभर आधीपासून रान पेटलं. वॉरहॉर्सचंही तेच झालं: पहिल्या भागाला ज्यांनी अस्सल म्हणून खांद्यावर घेतलं, त्यांतलेच काही दुसऱ्या भागात मालीहून आलेला मुसा नावाचा विद्वान आणि नायकाला पुरुषावर प्रेम करायचा ऐच्छिक मार्ग दिसताच म्हणू लागले, की ही मंडळी विकली गेली. तोच स्टुडिओ, तोच बोहेमिया, तेच १४०३ साल.

तेव्हा कुणी ‘इतिहास’ म्हणून ओरडलं की घाबरू नकोस आणि हसण्यावारीही नेऊ नकोस. तो नेमकं काय राखायला बघतोय ते ऐक. कधी तो स्वतःचं चित्र राखत असतो. पण कधी ज्याची वस्तू त्याचाच आवाज असतो, आणि तो मुकाट्याने ऐकायचा. ‘शॅडोज’च्या प्रसिद्धीच्या चित्रात सेकिगाहारातल्या एका आजच्या बंदूकपथकाचा झेंडा न विचारता वापरला गेला होता. त्याबद्दल यूबीसॉफ्टला माफी मागावी लागली, आणि ती मागायलाच हवी होती.

आपल्याकडे याच्या जोडीला भक्ती आहे. म्हणून एक स्पष्ट सांगतो: महाराजांना, किंवा राजाराम महाराजांना, खेळणाऱ्याच्या हातात देऊ नका. भीतीपोटी सांगत नाही. गेम हातात आला की खेळणारा सगळ्यात आधी काय करतो? कड्यावरून उडी मारून बघतो, मरतो का ते. ते त्याचं कर्तव्यच आहे म्हण. त्याला मरायची, चुकायची, पळायची मोकळीक देणारा नायक लागतो, आणि तो लोहाराचा पोरगा असलेला बरा. तुमच्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला, राजस्थानी वाडे आणि पहाडी चित्रशैली खुशाल एकत्र केली, लोकांना आवडलं. पण त्यांनी पुराणकथेचा आसरा घेतला होता. तुम्ही सालाचा आकडा लिहिणार आहात. ती मोकळीक तुम्हाला नाही.

गडावर काय घालायचं याची तुला काळजी नको. शिवकाळापासून गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत, शक्यतो वेगवेगळ्या जातींचे, एकाने फितुरी केली तर दुसऱ्याला कळावी म्हणून. एकाकडे किल्ल्या, दुसऱ्याकडे हजेरी आणि हिशेब, तिसऱ्याकडे धान्य-दारूगोळा. यापेक्षा चांगला गेम कुठला डिझायनर बसून रचणार आहे? तिघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा, एवढ्या एका प्रश्नावर दहा तास निघतील. इतिहास हा तुमच्या लोकांना अडथळा वाटत असेल तर त्यांना आधी हे दाखव. मग तोफांच्या रंगावरून तुझ्याशी कोणी हुज्जत घालणार नाही, घातली तरी त्यात हरलीस तरी चालेल. नियम खरे असू देत, रंगात सूट दे.

आणि नावं-सालं काढून टाकूनही खरं सांगता येतं, हे विसरू नकोस. वॉर्साच्या ११ बिट स्टुडिओजचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ मनातल्या शहरात घडतो, मागे सारायेवोचा वेढा आहे. तिथे तू सैनिक नसतेस, औषध चोरायचं की उपाशी म्हाताऱ्यांना सोडायचं हे ठरवणारी नागरिक असतेस. २०२० मध्ये पोलंड सरकारने तो शाळांच्या वाचनयादीत घेतला. तुमचे साहेब साल लिहायला कचरले तर हा रस्ता त्यांना सांग.

पण साल लिहिलंत तर माझी एक मागणी आहे. ‘किंगडम कम’मध्ये टिपणांची एक वही आहे, खेळता खेळता उघडते आणि त्या काळची माहिती देते. तशी वही तुम्हीही करा आणि तिच्यात एक पान जास्तीचं घाला: कुठे पुरावा आहे, कुठे अंदाज आहे, आणि कुठे खेळायला मजा यावी म्हणून आम्ही सरळ बदललं. खेळणारे मूर्ख नसतात. मनोरा खोटा आहे हे सांगितलं म्हणून त्यावर चढायचं कुणी थांबणार नाही. ‘शंभर टक्के खरा इतिहास’ असं खोक्यावर छापायचा मोह साहेबांना होईल, तो होऊ देऊ नकोस. ते पान तू स्वतः लिही, जाहिरातवाल्यांच्या हाती देऊ नकोस, आणि गेम बाहेर पडायच्या आधी मला वाचायला पाठव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा